पावसाळ्यानंतर ट्रेलरचा डब्बा गाडीला जोडला की दिवे वेडे होतात? आधी अर्थची वायर तपासा

लक्षणं आधी सांगतो. तुमच्याशी जुळतात का पाहा, मगच पाना हातात घ्या.

डावा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवेही त्याच्याच तालावर मिचमिचतात. नुसता ब्रेक दाबला तर दिवा बरा लागतो, पण पार्किंग लाइट चालू करून ब्रेक दाबला की सगळंच मंद होतं. इंडिकेटरची टिकटिक नेहमीपेक्षा भरभर चालते. खड्ड्यात चाक गेलं की दिवे येतात, पुढच्या खड्ड्यात जातात. ट्रेलर सुटा उभा असताना आतला पंखा, पंप, दिवे सगळं झकास, आणि गाडीला जोडून निघालं की मागे गोंधळ. किंवा उलटं: मागचे दिवे बरे, पण आत पंप दोनदा घरघरतो आणि गप्प बसतो.

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं तुमच्याच कामाचं आहे. एक लक्षण मात्र वेगळं काढतो. घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ट्रेलर लावलेला असताना दाराच्या कडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी काही करू नका. घरातलं बटण बंद करा, प्लग काढा आणि थेट खालचा "इथे थांबा" हा भाग वाचा.

मी चिमूरच्या बाजूला मोटर वायरिंगचं काम करतो. वीसेक वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे दिवे लावण्यातच गेली. मग ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, काही होमस्टेवाल्यांनी दोन-चार जणांना झोपता येईल असे ओढायचे ट्रेलर आणले, काहींनी वर्कशॉपमध्ये चॅनलवर बांधून घेतले. त्याला कॅरव्हॅन म्हणा, ट्रेलर म्हणा, आमच्याकडे त्याचं नाव डब्बा. ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं जंगल, जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. म्हणून डब्बाही जूनच्या शेवटी शेडखाली नाही तर मोहाच्या झाडाखाली ताडपत्री टाकून उभा राहतो, तो थेट दसऱ्याच्या आसपास निघतो. हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि मग मला फोन येतो.

"भाऊ, डावं दाबलं का सगळेच पेटून राहिले. तीनदा बल्ब बदलून पाह्यले."

बल्ब तीनदा, इंडिकेटर मिचमिचवणारा फ्लॅशर एकदा, आणि शेवटी मागच्या लाइटचे दोन्ही सेटही नवीन. एवढा खर्च करून झाल्यावर आमची आठवण येते. त्या डब्ब्यातला दोष कुठे होता ते पुढे येईलच.

हात घालायच्या आधी

सपाट जागी उभा करा, दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली शिरू नका. आणि कुठलीही पेटी, झाकण, बर्थखालचा कप्पा उघडताना आधी टॉर्च मारा, मग हात घाला. तीन महिने बंद असलेली कोरडी, अंधारी जागा आपल्याकडे रिकामी राहत नाही. मला एकदा बॅटरीच्या पेटीत कवड्या साप भेटला. तो बिनविषारी असतो हे मला तो गेल्यावर आठवलं. मण्यार तिथेच बसली असती तर आठवायला वेळ नसता मिळाला.

फुकटातली तपासणी: प्लग आणि सॉकेट

गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला सात पिनचा प्लग काढा आणि उजेडात धरून पाहा. पितळेच्या पिनांवर हिरवी किंवा पांढरी पूड दिसेल. कधी आत कोळ्याचं जाळं असतं, कधी कुंभारमाशीने मातीचा ठिपका लावून भोक बुजवलेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, जुन्या टूथब्रशने घासा, वाळू द्या. मधून चीर असलेल्या बनावटीच्या पिना असतील तर पातळ पात्याने त्यांची चीर केसभर फाकवा, म्हणजे त्या सॉकेटमध्ये घट्ट बसतील.

हे आधी का, तर पैसे लागत नाहीत आणि सगळ्या दिव्यांचा करंट इथूनच जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो परतही इथूनच येतो. गोल सात पिनच्या युरोपीय पद्धतीच्या प्लगमध्ये १ नंबर डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ आणि ७ दोन बाजूंचे पार्किंग, ६ ब्रेक, २ मागचा फॉग लाइट आणि ३ नंबर अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी वायर. तिथे अर्थची वायर पांढरी असते. पण रंगावर जाऊ नका. गावात वायरिंग करणाऱ्याच्या हातात त्या दिवशी जी गुंडाळी असते त्या रंगाची वायर तो टाकतो, हे मी स्वतःच्या हातावरून सांगतो. कुठली वायर कुठे जाते ते टेस्टिंग लॅम्पला, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या बल्बला, विचारा.

आणखी एक फुकटची गोष्ट. शेजाऱ्याची गाडी किंवा तशाच सॉकेटचा ट्रॅक्टर असेल तर डब्बा त्याला जोडून पाहा. तिथे दिवे बरोबर लागले तर दोष तुमच्या गाडीत आहे, डब्ब्यात नाही. पाच मिनिटांत अर्धं शोधकाम संपतं.

दहा-वीस रुपयांची तपासणी: फ्यूज आणि बल्ब

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. त्याचे पाय काळे पडतात आणि आतली तार शाबूत असूनही करंट जात नाही. काढा, पाय पॉलिश पेपरने घासा, परत लावा. जळालेला असेल तर त्याच आकड्याचा टाका: लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअरचा. दहाचा जळतो म्हणून वीसचा टाकला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. आणि ती वायर प्लायवुडच्या भिंतीमागून गेलेली असते. तोच फ्यूज दुसऱ्यांदा जळाला तर फ्यूज बदलणं थांबवा, कुठेतरी वायर सोललेली आहे.

बल्बमध्ये एकच गोष्ट पाहा. ब्रेक आणि पार्किंगचा जो दोन तारांचा २१/५ वॅटचा बल्ब असतो त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. अंधारात कोणीतरी जोर लावून तो उलटा बसवलेला असतो. मग पार्किंगला ब्रेकची तार पेटते आणि ब्रेकला पार्किंगची. एका बाजूचा बल्ब गेला तरी इंडिकेटर भरभर टिकटिकतो, कारण फ्लॅशर भार मोजतो. एलईडीचे सेट बसवले असतील तरी तसंच होतं. तिथे दोष काहीच नसतो, फ्लॅशर एलईडीचा टाकावा लागतो.

खरा चोर: अर्थ

इथे जरा थांबून सांगतो, कारण माझ्याकडे दसऱ्यानंतर येणारे बहुतेक डब्बे इथेच दुरुस्त होतात.

बल्बला करंट पोचणं जेवढं गरजेचं, तेवढंच तो परत जाणं. तो परत जातो लाइटच्या पत्र्यातून चेसिसमध्ये, चेसिसमधून अर्थच्या वायरने प्लगमध्ये आणि तिथून गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. हा परतीचा पाट बुजला की काय होतं ते धानवाल्यांना वेगळं सांगायला नको. पाणी थांबत नाही, धुरा म्हणजे बांध फोडून शेजारच्या बांधीत शिरतं. तसा डाव्या इंडिकेटरचा करंट परत जायला वाट सापडली नाही की शेजारच्या पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि तिकडून मार्ग काढतो. म्हणून इंडिकेटर देताच लाल दिवे मिचमिचतात. बल्ब बिचारा निर्दोष असतो.

पार्किंग लागतो पण ब्रेक मंद, हेही याच हिशेबात बसतं. ५ वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन लागतो, आणि ब्रेकचे असे दोन बल्ब. गंजलेल्या जोडातून थोडा करंट निघून जातो, जास्त मागितला की जोड हात वर करतो.

आणि खड्ड्यात दिवे येणं-जाणं? प्लगमधली अर्थची पिन किंवा वायर तुटली असेल तर करंट डब्बा गाडीला जोडणाऱ्या हूकच्या गोळ्यातून परत जातो. गोळ्याला ग्रीस लावलेलं, वरून धूळ. उभ्या गाडीत भागतं. भिसीच्या रस्त्यावर हूक उडायला लागला की दिवेही उडतात.

तपासायला फक्त पाच-सहा मीटर वायर लागते. दोन्ही टोकं सोला. एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला पक्कं करा, दुसरं टोक ट्रेलरच्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा. मदतीला कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. वायर टेकवताच दिवा लख्ख झाला आणि काढताच मंद झाला, तर दुसरं काही शोधायचं नाही. चुकून पॉझिटिव्हला जोडू नका, एवढीच काळजी.

मीटर असेल तर आणखी बारीक कळतं. डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या पत्र्याला, आणि सगळे दिवे चालू ठेवून आकडा पाहा. दिवे बंद ठेवून मोजलं तर काहीच कळत नाही, कारण करंट वाहत असतानाच अडथळा दिसतो. शून्याच्या जवळ, म्हणजे ०.२-०.३ पर्यंत आला तर अर्थ चांगला. एक व्होल्टच्या वर गेला तर तेवढे व्होल्ट तुमच्या दिव्याला न मिळता गंजात चाललेत. आता मीटरचं दुसरं टोक मागून पुढे सरकवत या: दिव्याचा पत्रा, मग चेसिस, मग अर्थचा बोल्ट, मग प्लगची पिन. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, चोर त्या दोघांच्या मध्ये आहे.

त्या तीनदा बल्ब बदललेल्या डब्ब्यात तो नंबरप्लेटच्या मागे सापडला. दहा नंबरच्या पान्याचा बोल्ट, त्याखाली अर्थच्या वायरीच्या टोकाचं गोल थिंबल. वरून पाहिलं तर घट्ट. हाताने हलवलं तर हललंही नाही. पाना लावून अर्धा वेढा फिरवला तेव्हा खालून हिरवट पूड सांडली आणि थिंबल दोन तुकड्यांत हातात आलं. चेसिसला रंग देणाऱ्याने बोल्टच्या जागेवरही रंग मारला होता, आणि थिंबल त्या रंगावरच कसलेलं. पहिल्या वर्षी बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जात होता तेवढ्यावर भागलं. पावसाळ्याने आट्याही खाल्ल्या.

मालक म्हणाला, "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," म्हटलं. लाइटच्या नव्या सेटचे पैसे माझ्याकडून घेणार होता की काय कोण जाणे.

दुरुस्ती अशी करा. गाडी सुटी करा, आतल्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बोल्ट काढून त्याखालची जागा चकाकता लोखंड दिसेपर्यंत घासा, रुपयाएवढी तरी. नवीन थिंबल पक्कडीने दाबून बसवा, जमलं तर डाग द्या (सोल्डर करा). थिंबल लोखंडाला थेट टेकू द्या, वर दातेरी वायसर, मग बोल्ट. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली कसून झाल्यावर वरून लावा. घासल्यावर आधी रंग मारून मग बोल्ट लावला तर पुढच्या दसऱ्याला भेटू.

माझ्या मते चेसिसवर भरवसाच ठेवू नये. ट्रेलरची चेसिस वेल्डिंग, बोल्ट, रिपिट आणि रंग यांची खिचडी असते. मी आता प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून प्लगच्या ३ नंबर पिनपर्यंत अडीच एमएमची वेगळी वायर टाकतो. वायरीचा खर्च आणि अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. तसे केलेले डब्बे दिव्यांसाठी परत आलेले नाहीत, त्यामुळे माझा धंदा थोडा बसला हेही खरं.

आत पंप आणि पंखा मंद असेल तर

हा बहुतेक वेळा बॅटरीचा आजार असतो. बॅटरी रात्रभर काही न लावता ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी महिनोन्महिने तशीच पडली की प्लेटींवर सल्फेट जमतं आणि मग ती चार्जर लावल्यावर भरल्यासारखी दिसते, पंप लावला की बसते. म्हणून पंप चालू ठेवून दुसऱ्यांदा मोजा. आकडा झपाट्याने ११ च्या खाली गेला तर बॅटरी संपली, पण त्याआधी टर्मिनल पाहा. पांढरी-निळी भुकटी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, तो फसफसतो. पाणी झाकणाच्या भोकातून आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर टाका, बाकीचं चार्ज झाल्यावर. चार्जिंग उघड्यावर करा, जवळ बिडी नको.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात पत्र्याच्या पेटीतली बॅटरी जेवढी झिजते तेवढी पावसाळ्यात झिजत नाही. कळतं मात्र ऑक्टोबरमध्ये, म्हणून नाव पावसाचं होतं.

पंप जोरात फिरतो पण नळाला पाणी नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पंपाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, आणि टाकीपासून येणारी नळी कुठे हवा ओढते का ते पाहा.

उंदीर

वरचं सगळं करूनही एखादी लाइन मेलेलीच असेल तर वायर कुठेतरी कुरतडली आहे. सोयाबीन निघालं, धान कापणीला आलं की शेतातले उंदीर छप्पर शोधतात, आणि गादी घातलेला डब्बा त्यांना आयताच मिळतो. वास आणि लेंड्या आधी शोधा, वायर नंतर. बर्थखाली, पाण्याच्या टाकीमागे, मागच्या लाइटजवळ जिथून वायरींचा जुडगा आत शिरतो तिथे. कुरतडलेला तुकडा कापून टाका, नवीन वायर डाग देऊन जोडा आणि वर हीट-श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी चढवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढतो, दुसऱ्यात त्याचीच हिरवी पूड होते.

जुडग्यातल्या चार-पाचपेक्षा जास्त वायरी तुटल्या असतील तर एकेक जोडत बसू नका. मोटर वायरिंगवाल्याकडून अख्खी लाइन नवीन टाकून घ्या. जोडावर जोड असलेल्या जुडग्यात पुढच्या वर्षी दोष शोधायला मलाही नको वाटतं.

इथे थांबा

२३० व्होल्टचा कुठलाही दोष घरी हाताळायचा नाही. अंगाला करंट लागतो म्हणजे आत कुठेतरी फेजचा करंट पत्र्यात उतरतोय आणि तुमच्या घराचं अर्थिंग तो करंट जमिनीत नेत नाहीये. एका घरी एक्स्टेन्शन बोर्डाच्या प्लगची तिसरी जाड पिन मी कापलेली पाहिली, का तर सॉकेटला दोनच भोकं होती. पाहुणे अनवाणी, ओल्या मातीत उभे राहून दार उघडणार. परवानाधारक वायरमन बोलवा. ट्रेलरची लाइनही तपासून घ्या आणि घराचं अर्थिंगही. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावं लागतं, हे बऱ्याच घरांत कोणी सांगितलेलंच नसतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर त्याच्याकडून बसवून घ्या, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. दाबल्यावर पडला नाही तर बदला. सारखा पडत असेल तर तो त्याचं काम करतोय, त्याला बायपास करू नका.

गॅसचंही तेच. साबणाच्या पाण्याचा फेस लावून रेग्युलेटर आणि नळीचे जोड पाहणं आणि नळीवर छापलेली मुदत वाचणं एवढं तुमचं काम. बुडबुडा आला तर सिलिंडर बंद करून बाहेर काढा आणि गॅसवाल्या मेकॅनिकला बोलवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. म्हणून ट्रेलरच्या तळाला झरोके असतात आणि कुंभारमाशीला नेमके तेच आवडतात. ते काडीने मोकळे करा.

ब्रेकच्या लाइनमधला दोष, ड्रॉबारवर (ओढायच्या दांड्यावर) किंवा हूकजवळ वेल्डिंगला गेलेली चीर, हब (चाकाचा मधला भाग) हाताने हलवल्यावर खडखड: यातलं काहीही दिसलं तर दिवे कितीही छान लागत असले तरी डब्बा रस्त्यावर काढू नका. टायर वरून नवे दिसले तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. फार चालला नाही म्हणून टायर तरुण राहत नाही. बाजूला चिरा असतील तर बदला.

निघायच्या आधी

संध्याकाळी, थोडा अंधार पडल्यावर, एकाला मागे उभं करा. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा असे एकेक द्या. मग पार्किंग चालू ठेवून ब्रेक आणि इंडिकेटर एकदम द्या, कारण दोष एकेकट्याने दिसत नाही, भार पडल्यावर दिसतो. त्याच वेळी प्लगची वायर आणि मागचा लाइट हाताने हलवा. दिवा चमकला तर पुन्हा अर्थच्या भागावर या. पहिले पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावर थांबून हबजवळ हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा चांगलाच तापला असेल तर बेअरिंग बोलतंय. चाकाचे नटही तिथेच परत कसून घ्या.

जूनमध्ये डब्बा उभा करताना प्लग जमिनीवर लोंबू देऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधूनही ठेवू नका, आत घाम येतो. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मधून कापा, तिचा वरचा भाग तोंडापर्यंत उभा चिरून टोपीसारखा प्लगवर घाला, वायर बुचाच्या तोंडातून वर काढा, तोंडाला आणि चिरेला थोडं ग्रीस लावून फट बुजवा आणि पिना खाली राहतील असं ड्रॉबारला बांधा. पाऊस वरून घसरतो आणि वारा खालून लागतो.